झीटा भुजंगधारीसमोरची धूळ : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२६, रविवार. कॉलेज रोड, खोलीवर

विषय नक्की झाला. झीटा भुजंगधारी हा तारा आणि आपण यांच्यामध्ये जी आंतरतारकीय धूळ आहे, तिनं त्या ताऱ्याचा अतिनील प्रकाश किती खाल्ला आणि कुठल्या तरंगलांबीला जास्त खाल्ला, त्याचा आलेख, म्हणजे वक्र, काढायचा. मार्गदर्शक मॅडमची अट एकच. "वक्र छापील लेखातून उचलायचा नाही. कच्च्या वर्णपटापासून तू स्वतः काढायचास. आणि नोंदी रोजच्या रोज ठेव, चुकलेलं आधी लिही." म्हणून ही वही.

मूळ कल्पना. झीटा भुजंगधारी ओ ९.५ वर्गाचा तारा आहे, पृष्ठभागाचं तापमान ३०,००० केल्विनच्या वर. असा तारा निळा दिसायला हवा. त्याचा बी−व्ही रंगांक (निळ्या आणि पिवळसर-हिरव्या प्रकाशातल्या प्रतींची वजाबाकी; प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) −०.३० च्या आसपास असायला हवा, तो मोजल्यावर +०.०२ भरतो. निळाई वाटेत गेली. ती किती गेली हे कळायला धुळीआड नसलेला त्याच जातीचा दुसरा तारा लागतो. कपोत तारकासमूहातला म्यू कपोत हा तसा आहे: वर्ग ओ ९.५, रंगांक −०.२८. दोघांची वजाबाकी ०.३०. पुढची सगळी गणितं या ०.३० नं भागायची आहेत, म्हणून हा आकडा पानाच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेननं लिहून ठेवला.

११ जानेवारी, रविवार. घरी, निफाड तालुका

पहाटे चारला बाबांनी उठवलं. थंडी इतकी उतरली होती की बागेत शेकोट्या पेटवाव्या लागणार होत्या, नाहीतर घड तडकतात. ओल्या पाचटाचा धूर बागेवर बसला तेव्हा मी विहिरीच्या बाजूला उभी होते. मोटारीच्या खोलीवरचा बल्ब धुराच्या पलीकडे होता, घराच्या पडवीतला अलीकडे. दोन्ही बल्ब बाबांनी दिवाळीत एकाच खोक्यातून काढून लावलेले. पडवीतला पांढरा दिसत होता, विहिरीवरचा तांबूस आणि मंद.

माझा अख्खा प्रकल्प तिथं उभा होता. एका खोक्यातले दोन बल्ब, एकाच्या वाटेत धूर. दोघांमधला फरक म्हणजे धूर, बल्ब नाही. बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "आणि गंधक मारताना बघ. तेव्हा पलीकडचं नुसतं अंधुक होतं, लाल होत नाही." हे मला सुचलं नसतं. भुरीसाठी धुरळतात ती गंधकाची भुकटी धुरापेक्षा कितीतरी जाड. प्रकाशाच्या लाटेपेक्षा कण खूप मोठा असला तर तो सगळे रंग सारखेच अडवतो. कण लाटेहून बारीक किंवा तिच्या जवळपासच्या मापाचा असला, तर छोटी लाट जास्त अडते आणि लांब लाट निसटून पुढे येते. निळ्याची लाट लहान, लालची मोठी. अतिनीलची निळ्याहूनही लहान, म्हणून धुळीच्या बारीकपणाबद्दल सगळ्यात जास्त तोच सांगू शकतो.

१४ जानेवारी. संक्रांत

थोडंच वाचन. १९३० साली लिक वेधशाळेतल्या रॉबर्ट ट्रम्पलरनं तारकापुंजांचं अंतर त्यांच्या तेजावरून काढलं, तेव्हा जितका पुंज दूर तितका तो आकारानं मोठा निघू लागला. पृथ्वीपासून दूर गेलं की पुंज फुगतात असं काही असू शकत नाही. मधे काहीतरी प्रकाश खातंय, त्यामुळे पुंज आहेत त्याहून दूर वाटतात, हा त्याचा निष्कर्ष. न जुळणाऱ्या आकड्याला त्यानं धरून ठेवलं, ते मला फार आवडलं.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाहून आल्यावर बसले. ३००० अँगस्ट्रॉमच्या (दहा हजार अँगस्ट्रॉम म्हणजे एक मायक्रोमीटर) खालचा प्रकाश ओझोनमुळे जमिनीपर्यंत येत नाही, त्यामुळे गच्चीवरून हे काम होणारच नाही. उपग्रहाचा संग्रह हवा. मी आययूई निवडला, म्हणजे इंटरनॅशनल अल्ट्राव्हायोलेट एक्स्प्लोरर. ४५ सेंटिमीटरचा आरसा, ११५० ते ३२०० अँगस्ट्रॉमचा पट्टा. तो सुटला २६ जानेवारी १९७८ ला आणि १९९६ च्या सप्टेंबरपर्यंत चालला. आज बरोबर ४८ वर्षं झाली, हे फाइलच्या शीर्षकातली तारीख बघताना लक्षात आलं.

आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटचा विचार आधी केला होता. त्यावरच्या यूव्हीआयटी दुर्बिणीत २२०० अँगस्ट्रॉमच्या आसपासचा एक फिल्टर तर ही धूळ जिथं जास्तच प्रकाश खाते त्या जागेवरच बसायचा. पण इतका तेजस्वी तारा तिच्या नाजूक शोधकांना सोसत नाही, अशा ताऱ्यांकडे ती वळवतच नाहीत. माझा तारा नुसत्या डोळ्यांना दिसणारा, दृश्यप्रत २.५६.

तेजाची अडचण आययूईतही आहेच. कमी पृथक्करणाचे काही वर्णपट जास्त प्रकाशानं वर सपाट झालेत, ते बाद. जास्त पृथक्करणाचे घेऊन दहा-दहा अँगस्ट्रॉमच्या खणांत सरासरी काढायची ठरवली. लघु पट्ट्याचा एक कॅमेरा, दीर्घ पट्ट्याचा दुसरा. दोघांची जोड १९०० च्या आसपास येते.

२ फेब्रुवारी

पहिला वक्र निघाला. झीटाची प्रत वजा म्यूची प्रत, त्यातून दृश्य प्रकाशातला फरक वजा, भागिले ०.३०. पुस्तकी सरासरीप्रमाणे ३००० अँगस्ट्रॉमला अडीचच्या आसपास यायला हवं. माझं पाचच्या वर. पुढे २२०० जवळ प्रचंड डोंगर, आणि १९५० ला कड्यासारखी उभी उतरण. तासभर मला खरंच वाटलं की या ताऱ्यासमोरची धूळच काहीतरी वेगळी आहे. मैत्रिणीनं स्क्रीन पाहिली आणि विचारलं, "निसर्गात अशी काटकोनातली पायरी असते का गं?" नसते. झोपायला गेले, झोप लागली नाही.

५ फेब्रुवारी

सापडलं. दीर्घ पट्ट्याची जी फाइल मी घेतली होती ती लहान छिद्रातून घेतलेली. आययूईला दोन छिद्रं होती: एक मोठं लांबट, १० बाय २० विकलांचं (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), आणि एक लहान गोल, ३ विकलांचं. लहान छिद्रात ताऱ्याचा सगळा प्रकाश शिरत नाही, जवळजवळ निम्मा बाहेर राहतो. निम्मा म्हणजे ०.७५ प्रत. ०.७५ भागिले ०.३० म्हणजे २.५. माझा वक्र बरोबर तेवढाच वर उचलला गेला होता. यंत्राच्या छिद्रानं अडवलेला प्रकाश मी धुळीच्या नावावर लिहीत होते.

फाइलच्या शीर्षकात छिद्राचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. आता प्रत्येक फाइलसमोर वहीत तीन रकाने: कॅमेरा, छिद्र, प्रकाशनाचा वेळ. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे अहवालात पूर्ण पान दे." देणार.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र. घरी

दोन दिवसांवर अमावस्या. आज दोन्ही तारे प्रत्यक्ष बघायचे ठरवले, कारण महिनाभर मी त्यांना फक्त आकड्यांत ओळखते आहे. रात्री पावणेनऊच्या सुमाराला म्यू कपोत दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ३८ अंशांवर. पाचव्या प्रतीचा, शहरातून दिसलाच नसता. इथंही आधी दुर्बिणीतून आणि मग नुसत्या डोळ्यांनी, तेही जरा बाजूला नजर ठेवून. झीटासाठी पहाटेपर्यंत थांबले. गणित करून पाहिलं होतं: नाशिकच्या अक्षांशावर म्यू मावळतो जवळजवळ त्याच मिनिटांना झीटा उगवतो. दोघं आपल्या आकाशात कधी एकत्र नसतात. आज ती वेळ रात्री पावणेदोनची होती.

दोघंही पळालेले तारे आहेत. म्यू मृगाच्या बाजूनं साधारण पंचवीस लाख वर्षांपूर्वी फेकला गेलाय, झीटा वृश्चिकाकडून. झीटाच्या वाटेवर त्याच्या वाऱ्यानं पुढची धूळ ढकलून कमान केली आहे. स्पिट्झर दुर्बिणीच्या अवरक्त चित्रात ती होडीपुढच्या लाटेसारखी चमकते. खाल्लेला अतिनील प्रकाश नाहीसा होत नाही, धूळ त्यानं कोमट होते आणि तीच ऊर्जा अवरक्तात परत देते, हे त्या चित्रात उघड दिसतं.

पहाटे पाचला झीटा आग्नेयेला चांगला वर आला होता. निळा वाटला नाही, पांढरा. मी बराच वेळ तिथंच उभी राहिले.

२२ फेब्रुवारी

दुरुस्त वक्र. पायरी गेली, १९०० ची जोड वाचनाच्या चुकीच्या मर्यादेत जुळते. आडव्या अक्षावर तरंगलांबी न ठेवता तिचा व्यस्त ठेवला, म्हणजे एका मायक्रोमीटरमध्ये किती लाटा बसतात ते. डावीकडून वक्र हळूहळू चढतो, ४.६ जवळ गोल उंचवटा, मग जरा उतार, आणि ६ च्या पुढे परत चढ, जो वर वळत जातो. उंचवट्याच्या माथ्यावर झीटा म्यूच्या तुलनेत, दृश्य प्रकाशातली घट वगळूनही, २ प्रतींच्या आसपास जास्त मंद. म्हणजे सहापटीहून थोडं अधिक.

दोन जागी खोट्या सुया आहेत. १५५० ला कार्बनची आणि १४०० ला सिलिकॉनची. त्या धुळीच्या नाहीत. झीटाचा वारा म्यूपेक्षा वेगळा आहे आणि तो स्वतःभोवती फार वेगानं फिरतो, त्यामुळे त्याच्या रेषा फासटतात आणि वजाबाकीत पूर्ण जात नाहीत. ते तुकडे जुळवणीतून वगळले. १२१६ च्या आसपासही हात लावला नाही, तिथं वाटेतला हायड्रोजन सगळं गिळतो.

१ मार्च, रविवार

आज दिवसभर एकाच प्रश्नावर. मधे धूळ आहे तरी किती?

कोपर्निकस उपग्रहानं अतिनील रेषांवरून हायड्रोजन मोजला, त्यावरून १९७८ मध्ये बोहलिन, सॅव्हेज आणि ड्रेक यांनी प्रमाण दिलं: रंगांकातल्या दर १ प्रत फरकामागे चौरस सेंटिमीटरला ५.८ × १०^२१ हायड्रोजन अणू. माझ्या ०.३० ला १.७ × १०^२१. वजन काढलं, धूळ वायूच्या साधारण शंभरावा भाग धरली. चौरस मीटरला ०.२९ ग्रॅम.

परत केलं. तेच. एक चौरस मीटर तोंडाची नळी, लांबी सुमारे ४०० प्रकाशवर्षं, आणि तिच्यातली सगळी धूळ झाडून काढली तर पाव ग्रॅमपेक्षा किंचित जास्त.

मंगळवारी मी खिडकीबाहेर जेवणाचं ताट ठेवलं होतं, पाच दिवसांसाठी. सिंहस्थाच्या कामांनी आमच्या भागातला रस्ता खणलेला आहे, सगळ्या घरांवर पिवळट थर असतो. ताटातली धूळ रसायनशास्त्राच्या तराजूवर ०.०९ ग्रॅम भरली. ताटाचा व्यास ३० सेंटिमीटर. हिशेबानं दिवसाला चौरस मीटरमागे पाव ग्रॅम. म्हणजे आमच्या खिडकीवर एका दिवसात बसते जवळपास तेवढीच धूळ या ताऱ्याच्या आणि माझ्या मध्ये आहे. खिडकीवरच्या एका दिवसाच्या धुळीतून काच स्वच्छ दिसते. त्या तिकडच्या धुळीनं मात्र ताऱ्याचा दृश्य प्रकाश निम्म्याहून कमी करून टाकलाय.

कसं, ते संध्याकाळी जमलं. ०.२९ ग्रॅम, घनता पाण्याच्या तिप्पट धरली तर एक कोटीअंश घनमीटर. तिचे ०.१ मायक्रोमीटर त्रिज्येचे गोल कण करा. सगळ्या कणांच्या सावल्यांची बेरीज येते ०.७ चौरस मीटर. एका चौरस मीटरच्या नळीत ०.७ चौरस मीटर सावली! प्रतीत सांगायचं तर ०.८. आणि रंगांकाच्या फरकाला नेहमीच्या ३.१ नं गुणून माझ्या ताऱ्याची दृश्य घट येते ०.९३. दोन पूर्ण वेगळ्या वाटांनी आलेले आकडे इतके जवळ येतील असं मला वाटलं नव्हतं. तीच धूळ १० मायक्रोमीटरच्या कणांची असती, आमच्या रस्त्यासारखी, तर सावली शंभरपट कमी, ०.००७.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "मग फवारणीचं तसंच आहे की गं. औषध तेवढंच, थेंब बारीक केला की सगळं पान झाकतं."

१० मार्च

उंचवट्याबद्दल. इथं धुराची उपमा संपते. शेकोटीच्या धुरानं लाली येईल, पण वक्रात असा एकाच जागी फुगवटा येणार नाही. त्यासाठी ठरावीक पदार्थच हवा.

१९६२ मध्ये फ्रेड हॉयल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी आंतरतारकीय कण ग्रॅफाइटचे असावेत असं मांडलं. हॉयल म्हणजे आपल्या नारळीकर सरांचे गुरू. तीन वर्षांनी, १९६५ ला, थिओडोर स्टेचर यांना रॉकेटवरच्या उपकरणातून २१७५ अँगस्ट्रॉमजवळचा हा फुगवटा प्रत्यक्ष दिसला, आणि ग्रॅफाइटच्या बारीक कणांची शोषणाची जागा तिथंच येत होती. साठ वर्षं झाली तरी पदार्थ शंभर टक्के ठरलेला नाही. कार्बन आहे यावर बहुतेकांचं एकमत. ग्रॅफाइट की बेंझिनसारखी कडी एकमेकींना जोडून झालेले मोठे सपाट रेणू, यावर चर्चा चालू. मला रेणूंची बाजू जास्त पटते, कारण तेच रेणू अवरक्तात आपल्या वेगळ्या पट्ट्यांनी आकाशगंगेत सगळीकडे दिसतात. अहवालात मात्र "कार्बनयुक्त" एवढंच लिहीन. माझ्या एका ताऱ्यावरून त्यापुढे जाता येत नाही.

लघु मॅजेलनी मेघात बहुतेक दिशांना हा फुगवटा जवळजवळ नसतोच, नुसता तीव्र चढ. तिथं जड मूलद्रव्यं कमी. आणि २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला तो अशा एका दीर्घिकेत सापडला, जिचा प्रकाश विश्व १ अब्ज वर्षांचंही नव्हतं तेव्हा निघालाय. इतक्या लवकर कार्बनची धूळ कुणी तयार केली, हे वाचून मी पान उघडं ठेवूनच जेवायला गेले.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

गुढी उभारून झाल्यावर जुळवणी. सरळ रेषा, तिच्यावर उंचवटा, आणि टोकाचा वळता चढ, असे तीन भाग. फिट्झपॅट्रिक आणि मासा यांनी १९८० च्या दशकात हीच रीत बसवली. उंचवट्याचे माझे आकडे, आडव्या अक्षाच्या त्याच एककात: केंद्र ४.५८, रुंदी १.२२.

केंद्र ठीक. रुंदी खटकली. सरासरी १ च्या आसपास असते. छिद्राच्या प्रकरणानंतर पहिला संशय स्वतःवर. ०.३० मध्ये ±०.०२ ची चूक धरली तर अख्खा वक्र ७ टक्के लहान-मोठा होतो, पण तो उभा ताणला जातो. उंची बदलते, जागा आणि रुंदी तशीच राहते. म्हणजे कारण ते नाही. रेषांची गल्लत असू शकते.

२८ मार्च

दुसरा तुलनेचा तारा घेतला, एचडी ९३५२१. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून बराच वर, त्यामुळे धूळ फार थोडी. वर्ग जवळपास तोच, आणि मुख्य म्हणजे झीटासारखाच भन्नाट फिरणारा. रेषा दोघांच्याही सारख्याच फासटलेल्या. १४०० ची सुई जवळजवळ गेली, १५५० ची निम्मी झाली. केंद्र ४.५९. रुंदी १.२०.

म्हणजे रुंदी ताऱ्याचीच. तेव्हा कुठे मी छापील तक्ता उघडला. फिट्झपॅट्रिक आणि मासा यांच्या १९८६ च्या लेखात फुगवट्याची रुंदी ३६० पासून ६०० अँगस्ट्रॉमपर्यंत बदलते, आणि झीटा भुजंगधारी रुंद टोकाकडच्यांत आहे. माझी रुंदी अँगस्ट्रॉममध्ये साधारण ५८०. केंद्र मात्र सगळ्या ताऱ्यांत एका टक्क्याच्या आत तिथल्या तिथंच. रुंदी दीडपटीहून जास्त होते, उंची बदलते, बाजूचा चढ बदलतो, आणि जागा हलत नाही. कणांचं माप बदललं तर जागा सरकायला हवी होती. ती सरकत नाही म्हणजे फुगवटा करणारे कण फारच लहान असले पाहिजेत, इतके की त्यांच्या मापाचा जागेशी संबंध उरत नाही. रुंदी मग त्यांच्या आजूबाजूच्या परिस्थितीवर ठरत असावी. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं, शेवटी "असावी" सकट ठेवलं.

३ एप्रिल

मॅडमनी विचारलं, ३.१ कुठून आणलास? गृहीत धरलाय, असं सांगितलं. हा आकडा दृश्य घट आणि रंगांकाचा फरक यांचं गुणोत्तर. कार्डेली, क्लेटन आणि मॅथिस यांनी १९८९ मध्ये दाखवलं की हा एक आकडा कळला की अतिनील वक्राचा बराचसा आकार सांगता येतो. त्यांच्या सूत्रात आकडे घालून पाहिले. दृश्यात दोन्हीकडे घट १ प्रत. गुणोत्तर ३.१ असेल तर १२५० अँगस्ट्रॉमला घट ३.३ प्रती, म्हणजे एकविसाव्या हिश्शापेक्षाही कमी प्रकाश पोचतो. गुणोत्तर ५ असेल तर १.७ प्रती, पाचव्या हिश्शाच्या आसपास. मृगातल्या तेजोमेघाच्या ट्रॅपेझियम या ताऱ्यांच्या गटाकडे गुणोत्तर ५ च्या वर आहे. तिथले बारीक कण कमी झालेत, जाडे उरलेत. डोळ्यांना दोन्ही धुळी सारख्याच. धूर आणि गंधक.

५ एप्रिल, रविवार. घरी

अहवालाची प्रत बाबांना दिली. त्यांनी छिद्राचं पान पूर्ण वाचलं, वक्रावर बोट फिरवलं आणि उंचवट्यावर थांबून विचारलं, "इथं काय गेलं?" म्हटलं, तिथं कार्बन आहे. त्यांनी बोट उचललं नाही. "काजळीच की मग," म्हणाले. आजी आत निरांजन लावत होती. मी वक्राखाली पेन्सिलनं लिहिलं: केंद्र ४.५८ आणि ४.५९, दोन तुलनांतून. तिसरी तुलना बाकी.